सतरा कॅसेटी

पोलीस दुकानात शिरले तेव्हा शेठना वाटलं हिंदी कॅसेटींसाठी आलेत. मलाही तेच वाटलं. कारण खरं सांगायचं तर आमच्याकडच्या निम्म्याअधिक हिंदी कॅसेटी कुठून यायच्या ते न विचारलेलंच बरं होतं, कव्हर झेरॉक्स केलेलं, पिक्चर चालू असताना खाली कुठल्यातरी ज्वेलर्सची जाहिरात सरकत जायची, वर अमिताभ मरतोय आणि खाली २२ कॅरेट. शेठ पार पांढरेफटक पडले आणि मला हळूच म्हणाले, भाई, पाछळनो दरवाजो बंध कर. आता मागचा दरवाजा बंद करून काय होणार होतं देव जाणे.

गोष्ट १९८३ ची, नोव्हेंबर, दिवाळी होऊन दोनेक आठवडे झाले असतील. मी ८१ साली गिरगावातून उठून लंडनच्या वेम्ब्लीला मामांकडे आलो होतो, सकाळी अकाउंटन्सीचा क्लास आणि दुपारनंतर या दुकानात नोकरी. शेठ मूळचे राजकोटकडचे पण आयुष्य युगांडात, कंपालात गेलेलं, ७२ ला इदी अमीनने हाकललं तेव्हा एका सुटकेसवर इंग्लंडला आले. पुढे पेपर, दूध, सिगरेटी, गोळ्या, आणि मागे व्हिडिओ लायब्ररी. डावीकडे हिंदी, उजवीकडे इंग्लिश. एका रात्रीचं भाडं एक पौंड.

तर चौघं आले होते, तिघं साध्या कपड्यात आणि एक युनिफॉर्मवाला. त्यातला वयस्कर माणूस फार सभ्य, त्याने वॉरंट काढून काउंटरवर ठेवलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे त्या 'नॅस्टीज' आहेत का हो? (रक्तपाताच्या हॉरर कॅसेटींना तेव्हा असं म्हणायचे.) आणि मी जो सुटकेचा श्वास सोडला तो त्याला ऐकू गेला असणार, कारण त्याने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं. शेठना म्हणलं, शेठ, हिंदीसाठी नाही आले, भुतासाठी आलेत. शेठ म्हणाले, मग चहा टाक.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. व्हीसीआर घरोघरी नवीनच यायला लागले होते. थिएटरमधल्या पिक्चरला ब्रिटनमधे बीबीएफसीचं, म्हणजे तिथल्या सेन्सॉर बोर्डाचं, सर्टिफिकेट लागायचं, पण व्हिडिओ कॅसेटला लागायचंच नाही, कायदा केला तेव्हा ही वस्तूच जन्माला आली नव्हती. मोठे अमेरिकन स्टुडिओ सुरुवातीला कॅसेटपासून जरा लांबच राहिले, तेव्हा छोट्या छोट्या कंपन्यांनी इटलीतले नि अमेरिकेतले स्वस्तातले हॉरर पिक्चर उचलून आणले आणि दुकानांचे रॅक भरून टाकले. पिक्चर बहुतेक रद्दी, पैसा सगळा कव्हरवर. एका कव्हरवर तर माणसाच्या कपाळात ड्रिल मशीन घुसतंय असा फोटो होता, ८२ साली त्याची मासिकात पानभर जाहिरात आली आणि तिथून बोंबाबोंब सुरू झाली. मेरी व्हाइटहाउस नावाच्या बाई होत्या, टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध कित्येक वर्षं लढत होत्या, त्यांनी हे हातात घेतलं, मग डेली मेलने मोहीमच उघडली. आणि गंमत म्हणजे डेली मेल आमच्याच दुकानात पुढच्या स्टँडवर, मागे त्याच कॅसेटी. सकाळी लोक पेपर न्यायचे, संध्याकाळी त्यात नाव आलेली कॅसेट मागायला यायचे. खोटं नाही सांगत.

आणि पकडायचे ते कुठल्या कायद्याखाली, तर १९५९ च्या ऑब्सीन पब्लिकेशन्स ॲक्टखाली. म्हणजे मूळ पुस्तकांचा कायदा. त्यात कसोटी अशी की वस्तू बघणाऱ्याला बिघडवेल, भ्रष्ट करेल अशा प्रवृत्तीची आहे का. आता कोण बिघडणार, किती बिघडणार, हे कोर्टाने ठरवायचं. आम्ही दुकानदारांनी काय करायचं? सरकारी वकिलांच्या सगळ्यात वरच्या ऑफिसने, त्याला तिकडे डीपीपी म्हणतात, ८३ मधे एक यादी काढली होती, पण ती महिन्यामहिन्याला बदलायची, एक नाव वाढतं, एक गळतं. शेवटी मोजलं तर एकूण ७२ पिक्चर त्या यादीत कधी ना कधी येऊन गेले आणि त्यातल्या ३९ वरच केस टिकली. म्हणजे उरलेल्या ३३ च्या कॅसेटी ज्यांच्याकडून उचलल्या त्यांनी काय, कपाळाला हात लावायचा.

असो, तर ते उजवीकडच्या रॅकला लागले. एकाच्या हातात टाइप केलेला कागद, त्यावर पेनाने आणखी नावं लिहिलेली, दोन खोडलेली. नाव जुळलं की कॅसेट खोक्यात. पण कागदावर नसलेल्या पण कव्हरवर रक्त असलेल्या कॅसेटीही खोक्यात जायला लागल्या. मी विचारलं, सर ही तर तुमच्या लिस्टमधे नाही? तर म्हणाला, बघून घेतो, नसेल तसलं तर परत मिळेल. मग मी विचारलं (चोवीस वर्षांचा होतो, जीभ सैल होती) की तुम्हीच सांगा कुठल्या ठेवू नि कुठल्या काढू, आम्ही आजच काढतो. त्यावर तो सभ्य माणूस जे म्हणाला ते माझ्या आजही डोक्यात आहे. म्हणाला, ते मला सांगता येत नाही, ते कोर्ट ठरवेल. म्हणलं, म्हणजे आधी पकडणार आणि मग गुन्हा आहे का ते बघणार? तो हसला. खरंच हसला, आणि म्हणाला चहा छान आहे.

'ईव्हिल डेड' च्या आमच्याकडे तीन कॅसेटी होत्या, कारण त्या वर्षी मागणीच तेवढी होती, शनिवारी नंबर लागायचे. तिन्ही गेल्या. आणि हा पिक्चर बीबीएफसीने काटछाट करून थिएटरला पास केलेला, कॅसेटवर तीच कापलेली कॉपी. म्हणजे थिएटरमधे तिकीट काढून बघितला तर चालतो, घरी सोफ्यावर बघितला तर माणूस बिघडतो. हे मी बोललो नाही, शेठने डोळे वटारले होते.

मग तो तरुण युनिफॉर्मवाला चुकून डावीकडे गेला. तिथे रामसे बंधूंचं एक भूत होतं, कव्हरवर कवटी, लाल अक्षरं, किंचाळणारी बाई. त्याने ती उचलली. शेठचा जीव पुन्हा टांगणीला, कारण एक हिंदी कॅसेट उचलली की पुढच्या प्रश्नाला वेळ लागत नाही. मी घाईघाईने म्हणलं, सर ही इंडियन आहे, याला सेन्सॉर सर्टिफिकेट आहे. तो म्हणाला दाखव. काउंटरवर छोटा टीव्ही होता, मी कॅसेट घातली, आणि नशीब बघा, ज्याने कुणी ती कॉपी केली होती त्या पुण्यवान माणसाने सुरुवातीचं सर्टिफिकेट कापलं नव्हतं. आलं स्क्रीनवर, पिवळट, थरथरणारं, वर एक मोठं 'व' आणि शेजारी ए, खाली सह्या, रिळं किती, लांबी किती मीटर. चौघंही वाकून बघायला लागले. वयस्कराने विचारलं, हे 'व' म्हणजे काय. म्हणलं वयस्क, ॲडल्ट. तो म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे सरकार प्रत्येक पिक्चर आधी बघतं? म्हणलं हो, प्रत्येक. बघतं, कापतं, शिक्का मारतं. आमच्याकडे लोक त्या सेन्सॉरला शिव्या घालतात, हे मी गिळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुंबईच्या सेन्सॉर बोर्डाला मनातल्या मनात हात जोडले. कारण तिकडे निदान काय चालतं ते आधी कळतं.

तरी तरुणाचं समाधान होईना, तो म्हणाला पुढे बघू. बघितलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, भूत काही येईना, हिरॉइन पावसात नाचायलाच लागली. युनिफॉर्मवाला लाजला. कॅसेट परत रॅकवर.

एकूण सतरा कॅसेटी गेल्या. प्रत्येकीचं नाव पावतीवर लिहून आमची सही. इकडे आपल्याकडे पंचनामा म्हणतात तसंच, फक्त पंच नव्हते. एकेक कॅसेट दुकानदाराला तीस-चाळीस पौंडाला पडायची त्या काळी, हिशेब तुम्हीच करा. रात्री मामांच्या ओळखीचे एक सॉलिसिटर आले, मराठीच, त्यांनी समजावलं की कलम तीन लावलं तर मॅजिस्ट्रेटपुढे फक्त माल जातो, तुम्ही गुन्हेगार होत नाही, पण कलम दोन लावलं तर ज्युरी बसते आणि तीन वर्षांपर्यंत आत जाऊ शकता. शेठ म्हणाले माल गेला खड्ड्यात. पुढे कलम तीनचंच पत्र आलं आणि शेठनी काही न भांडता सोडून दिलं. बरंच झालं म्हणायचं, कारण ८४ मधे एका कंपनीवाल्याला असल्या पिक्चरपायी खरोखरच तुरुंगात टाकलं.

आता एक गोष्ट जी मी पोलिसांना सांगितली नाही. शेठनाही नाही.

धाडीच्या महिनाभर आधी एक पोरगा यायचा, दहा-अकरा वर्षांचा, समोरच्या काउन्सिल फ्लॅटमधला. बापाचं मेंबरशिप कार्ड आणि बापाची चिठ्ठी घेऊन, उजवीकडच्या रॅकमधली एक हॉरर कॅसेट मागायला. मी दोनदा द्यायला नको म्हणलं आणि तिसऱ्यांदा दिली, शनिवार होता, गर्दी होती, म्हणलं बापाची चिठ्ठी आहे ना. मंगळवारी त्याची आई कॅसेट परत घेऊन आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली की तो तीन रात्री दिवा चालू ठेवून झोपतोय, आणि चिठ्ठी त्यानेच लिहिली होती, तुला अक्षर दिसलं नाही का. दिसलं होतं हो मला अक्षर. ते सतरा कॅसेटींचं खोकं दारातून बाहेर जात होतं ना, तेव्हा त्यात ती कॅसेट पण होती, आणि मला एकाच वेळी राग पण येत होता आणि जरा हलकं पण वाटत होतं. म्हणून नंतर कुणी मला ठासून विचारलं की सेन्सॉर हवं की नको, तर मी चहा करायला उठतो.

पुढे ग्रॅहम ब्राइट नावाच्या खासदाराने बिल आणलं आणि ८४ च्या जुलैत व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट झाला, मग पिक्चरच्या प्रत्येक कॅसेटला बीबीएफसीचं सर्टिफिकेट लागायला लागलं, वयाचा आकडा कव्हरवर आला. मला विचाराल तर दुकानात उभ्या असलेल्या माणसाला तेच सोपं, १८ लिहिलंय, पोरगा १८ चा नाही, विषय संपला. पण बीबीएफसीचे प्रमुख फर्मनसाहेब कात्री अशी चालवायचे की गिऱ्हाइकं परत येऊन भांडायची, पैसे परत द्या, खून कुठाय.

८६ ला मला बरी नोकरी लागली आणि मी दुकान सोडलं. ९३ ला लिव्हरपूलजवळ दोन दहा वर्षांच्या पोरांनी एका दोन वर्षांच्या बाळाला मारलं, सगळा देश हादरला, न्यायाधीश हिंसक व्हिडिओंबद्दल बोलले, पेपरांनी एका पिक्चरचं नाव धरून ठेवलं, त्या पोरांनी तो बघितला होता असं काही सिद्ध झालं नाही तरी. तेव्हा माझी मुलगी पाच वर्षांची होती. मी घरातल्या कॅसेटी सगळ्या वरच्या कपाटात टाकल्या, बायको म्हणाली यात टॉम अँड जेरी पण आहे.

आणि मग २००९. ऑगस्टमधे बातमी आली की तो ८४ चा कायदा करताना युरोपियन कमिशनला जे कळवायचं असतं ते कळवायचंच राहून गेलं, त्यामुळे पंचवीस वर्षं तो कायदा लागूच करता येत नव्हता. २०१० च्या जानेवारीत घाईघाईने तोच कायदा पुन्हा पास केला. मी हसत हसत शेठना फोन लावला, ते लेस्टरला मुलाकडे होते, ऐंशीच्या आसपास, कान गेलेले. सगळं ओरडून सांगितलं. जरा वेळ शांतता, मग म्हणाले, तो पछी आपणी सत्तर केसेट पाछी मळशे? म्हणजे, मग आपल्या सतरा कॅसेटी परत मिळतील? (गुजरातीत सतराला सत्तर म्हणतात.)

म्हणलं नाही शेठ, त्या ५९ च्या कायद्याखाली गेल्या, तो कायदा बरोबर होता. चुकला तो नंतरचा.

शेठ म्हणाले, ईव्हिल डेड काल नातवाने सुपरमार्केटमधून आणला, दुधाबरोबर. आणि फोन ठेवून दिला.