बीएस्सी झूलॉजी, पण शिकायचा होता मेंदू

माझ्या मार्कशीटवर न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूचं शास्त्र, हा शब्द कुठंही नाही. झूलॉजी, केमिस्ट्री, बॉटनी, सहा सेमिस्टर, अमरावती विद्यापीठ. तरी तीन वर्षं काय शिकलीस असं कोणी विचारलं, तर मी मेंदू सांगते. ते खोटं नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात मी आठवीत होते. त्या वर्षी आमच्याकडची कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली. फवारा वरच्या अंगानं मारावा लागे, म्हणजे अर्धं औषध झाडावर आणि अर्धं स्वतःवर. यवतमाळ जिल्ह्यात त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. आमचे लहान काका वाचले. यवतमाळच्या मेडिकलमध्ये डॉक्टर थोड्या थोड्या वेळानं त्यांच्या डोळ्यात बॅटरी मारायचे, नाडी मोजायचे, इंजेक्शन द्यायचे. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली, तोंडातून लाळ थांबत नव्हती. दुसऱ्या दिवशी लाळ थांबली, पण काका चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचायला लागले. आजी म्हणाली, बाहेरचं लागलं. नर्सताई म्हणाल्या, "काही नाही आजी, ॲट्रोपिनचं हाय. उतरते."

ज्या औषधानं माणूस वाचला, त्याच औषधानं त्याला मुंग्या दिसल्या. हे माझ्या डोक्यात जे बसलं ते निघालंच नाही.

घरच्यांच्या लेखी मेंदूत रस म्हणजे मेंदूचा डॉक्टर. नीटची परीक्षा दिली, मार्क आले नाहीत, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आयसर ही विज्ञान शिकवणारी संस्था असते हे मला बारावीच्या उन्हाळ्यात कळलं, तेही यवतमाळला शिकणाऱ्या एका मैत्रिणीकडून. पुण्याला आहे, पाच वर्षांचा बीएस-एमएस. जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित आधी सगळ्यांनाच शिकावं लागतं, मग आपला रस्ता धरायचा. प्रवेश परीक्षेत साठ प्रश्न, चारही विषयांचे पंधरा-पंधरा. मी गणित अकरावीतच सोडलेलं. आमच्याकडं डॉक्टर व्हायचं ठरलं की पहिलं काम म्हणजे गणित सोडणं, जसं काही ते अंगावरचं ओझं आहे. गणिताचे पंधराच्या पंधरा प्रश्न कोरे ठेवून मी नागपूरहून परत आले. मेंदू शिकायचा असेल तर गणित सोडू नका, एवढं मी आता भेटेल त्या पोरीला सांगते.

मग तालुक्याचं कॉलेज. पहिल्याच आठवड्यात सरांना विचारलं, "सर, न्यूरोसायन्स कुठं शिकवतात?"

"ते एमएस्सीच्या वक्ताले पाहू. आधी गांडूळ येऊ दे."

सरांचं चूक नव्हतं. आपल्याकडं या विषयाचं दार बहुतेकांसाठी एमएस्सीलाच उघडतं. मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र किंवा बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, ही नावं पदवीनंतरची. आमच्या अभ्यासक्रमात चेतासंस्था म्हणजे शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरातलं एक युनिट. बेडूक फक्त चार्टवर, कारण यूजीसीनं विच्छेदन बंद केलेलं. बेडकांच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. पण मला मेंदू हातात धरून पाहायचा होता.

बुधवारच्या बाजारात खाटीकभाऊंकडं बोकडाचं भेजं मागितलं. ते मुंडकं सातूरनं मधोमध फोडतात, त्यामुळं मेंदूचे दोन सारखे भाग फुकटात मिळाले. घरी आणून ताटलीत ठेवलं आणि ब्लेड लावताच ते लोण्यासारखं फिसकटलं. आई म्हणाली, "खाची वस्तू होय ते, चिरफाड करून काहून नासवतं?" दुसऱ्या वेळी प्रयोगशाळेतल्या काकांकडून बरणीत फॉर्मॅलिन आणलं आणि बरणी गोठ्यातल्या फळीवर दहा दिवस ठेवली. आता कसं कडक पनीरसारखं झालं. अनुमस्तिष्क, म्हणजे मागचा लहान मेंदू, कापलं तर आत पांढऱ्या रेघांचं झाड. पुस्तकात त्याला लॅटिनमध्ये जीवनवृक्ष म्हणतात. मला ते निंबाच्या डहाळीसारखं दिसलं. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा पट्टाही सापडला, सातूरनं बरोबर मधून कापलेला.

पुढं अडलं ते चेतातंतूतल्या विजेवर. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यावर, काम करून समीकरणं मांडली. परीक्षेत आकृती काढली की पाच मार्क मिळत, समीकरण कोणी विचारत नसे. मी पाहिलं आणि मिटलं. मग अकरावीचं गणिताचं पुस्तक भावाच्या पेटीतून काढलं आणि तिथून सुरुवात केली. डेरिव्हेटिव्ह समजायला एक अख्खा हिवाळा गेला. नेटवरची व्याख्यानं पाहायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागे, रेंज तिथंच.

पण मुद्दा कळला तो विहिरीवर. चेतापेशीच्या आतलं व्होल्टेज उणे सत्तर मिलिव्होल्टच्या आसपास असतं. ते उणे पंचावन्नच्या आसपास चढलं तरच पेशी पेटते, नाहीतर काहीच होत नाही. आमच्या मोटरचा स्टार्टर तसाच आहे. लाइन कमी असली की खट खट करतो, पकडत नाही. पकडला की मोटर पूर्ण फिरते, अर्धी कधी फिरत नाही. हे मी सेमिनारमध्ये सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पहिल्यांदा मोबाइलमधून वर पाहायला लागली.

आणि मग पाचव्या सेमिस्टरला ॲसिटिलकोलीन आलं. दोन पेशींच्या फटीत हे रसायन सुटतं, निरोप पोचवतं आणि एक एन्झाइम त्याला लगेच तोडून टाकतं. कपाशीवरची ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतात. निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, बारीक बाहुली, छातीत पाणी, मंद नाडी. ॲट्रोपिन रसायन काढत नाही, ते ज्या कुलपात किल्ली फिरते तिथं जाऊन बसतं. जास्त झालं की मेंदूतली कुलपंही अडवतं आणि माणूस मुंग्या वेचतो. मी वर्गात बसले होते आणि माझ्यासमोर यवतमाळचा वॉर्ड होता. सर पुढच्या मुद्द्यावर गेले, मी वही मिटून बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरला जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा दिली, बायोटेक्नॉलॉजीचा पेपर. त्यात बारावीपर्यंतचं गणित येतं. या वेळी कोरं काही ठेवलं नाही. रँक फार वरची नाही, पण एमएस्सीला जागा मिळाली. जीवशास्त्राची. नावात न्यूरोसायन्स पुन्हा नाहीच.

जायच्या आदल्या रात्री काका ओसरीवर बसले होते. "काय शिकली तीन वर्सं, सांग बरं." मी त्यांना ओटो लोवी या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. १९२१ साली त्याला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, अर्धवट झोपेत त्यानं तो लिहून ठेवला आणि सकाळी स्वतःचंच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा सुचला, तेव्हा तो तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची नस चेतवली, त्याचे ठोके मंदावले. त्याच्यातलं पाणी दुसऱ्या हृदयात घातलं, तेही मंदावलं. म्हणजे नसेत नुसती वीजच नाही, तिच्यातून काहीतरी रसायनही सुटतं. "काका, तेच रसायन तुमच्या अंगात साचलं होतं. म्हणून तुमची नाडी मंद."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले तर डॉक्टरनं वाचवलं. अन त्या बेडकायचं काय झालं?"

"हृदय काढलं तेव्हाच मेले ते, काका. लोवीला मात्र १९३६ साली नोबेल मिळालं."

"पाय बरं," काका म्हणाले, आणि पंप धुवायला उठले.