तारेत ओवलेल्या पावत्या

शनिवारवाड्याच्या तटापासून आजींच्या वाड्याच्या उंबऱ्यापर्यंत ८१ मीटर भरले, मागच्या भिंतीपर्यंत ९७. मी पुन्हा मोजायला लावलं. तेवढंच. त्यांच्या मुलाचा चेहरा उतरला. मागचे दोन खण तरी शंभराबाहेर निघतील, अशी त्याला आशा होती.

केंद्र संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० नियंत्रित, हे २०१० मध्ये कायद्यातच आलं. प्रतिबंधित भागात नवं बांधकाम नाही. पण घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल, तर दुरुस्तीची परवानगी मागता येते. पेठेत पुष्कळांना हे माहीतच नसतं. "काही करता येत नाही" एवढंच कानावर आलेलं, म्हणून माणसं भिंत फुगताना नुसती बघत बसतात. मला याचा फार त्रास होतो.

"जुनेपणाचा पुरावा आहे का काही?" मी विचारलं.

आजी आत गेल्या आणि एक तार घेऊन आल्या. घरपट्टीच्या पावत्या तारेत ओवलेल्या. सगळ्यात खालची १९६८ ची, कडा तपकिरी, शिक्का अजून वाचता येणारा. "ह्यांनी एकही टाकली नाही बघ, पोरी."

मग माडीवर गेले. कडीपाट वरून ठणठणीत. भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला पेन लावलं, तर ते अर्धं आत गेलं. आत वाळवीची माती. त्याच तुळईखाली आजींची खाट.

"दुरुस्तीला सरकार किती देतं?" आजींनी विचारलं.

या कायद्यात मालकाला दुरुस्तीसाठी पैसे देण्याची तरतूद नाही, हे मला त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं. मुंबईत १९९५ च्या वारसा नियमावलीने निदान एक वाट काढली: यादीतल्या वास्तूचा मालक निर्बंधांमुळे अडकलेला एफएसआय, म्हणजे जागेवर बांधता येणारं क्षेत्रफळ, टीडीआर म्हणून, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, विकू शकतो. आजींचा वाडा कुठल्याच यादीत नाही. तो फक्त स्मारकाच्या शेजारी आहे. बंधनं सगळी, मोबदला शून्य. स्मारकाभोवतीची जुनी वस्ती टिकायला हवी असेल, तर तिच्या दुरुस्तीचा वाटा सरकारनेच उचलायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तू अर्ज कर. पैशाचं बघू."

संध्याकाळी सुतार आला. खाट ओसरीवर हलवली आणि तुळईखाली दोन टेकू दिले. पावत्यांची तार मी झेरॉक्ससाठी घेऊन निघाले, तेव्हा आजींनी ती आधी फडक्यात गुंडाळून दिली.