इंडियानापोलिसचा फेब्रुवारी: क्वार्टरबॅक पारखायचे दिवस

फेब्रुवारी संपत आला की आमच्या इंडियानापोलिसच्या डाउनटाउनमधली हॉटेलं ट्रॅकसूट घातलेल्या माणसांनी भरून जातात. कुणाच्या गळ्यात ओळखपत्र, कुणाच्या काखेत जाडजूड वही. अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल, तिच्या ३२ संघांचे प्रशिक्षक, डॉक्टर आणि खेळाडू हेरणारे स्काउट अशी सगळी मंडळी एकाच आठवड्यात इथं उतरतात. कॉलेजात फुटबॉल खेळलेली तीनशेहून जास्त पोरं तेव्हा इथं तपासली जातात. याला कम्बाइन म्हणतात आणि १९८७ पासून ते याच शहरात भरतं.

मी कोल्हापूरची. फुटबॉल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शाहू स्टेडियम येतं, पाटाकडील आणि दिलबहारचे पाठीराखे येतात, पेठापेठांतली ईर्ष्या येते. इथला फुटबॉल वेगळा. चेंडू लांबुळका, दोन्हीकडं टोकदार, आणि खेळ बराचसा हातांचा. मैदानावर प्रत्येक संघाचे अकरा जण असले तरी सगळा डाव एकाच्या हातून जातो, तो क्वार्टरबॅक. चेंडू त्याच्या हातात येतो तेव्हा समोरून शंभर-सव्वाशे किलोची चार-पाच माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. अडीच-तीन सेकंदांत त्यानं बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं.

हा माणूस निवडायचा कसा, यावर इथले लोक वर्षभर बोलतात. आयपीएलच्या लिलावासारखी बोली इथं नसते. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो, त्यात सात फेऱ्या असतात. गेल्या मोसमात जो संघ सगळ्यांत जास्त हरला, त्याला पहिला खेळाडू उचलायचा मान. पोरानं कुठल्या शहरात जायचं हे पोराच्या हातात नसतं. ही शेवटची गोष्ट मला सुरुवातीला बारीकशी वाटली होती. आता मला तीच सगळ्यांत मोठी वाटते.

माझे थोरले चुलते, आबा, तालमीतले वस्ताद. लहानपणी मी तालमीच्या दाराबाहेर उभी राहून बघायचे, कारण मुलींना आत जायची मुभा नव्हती. खेड्यापाड्यांतून बाप पोराला घेऊन यायचे. पोरगं धिप्पाड असलं की बापाची छाती फुगलेली. आबा मात्र अंगाकडं फारसं बघायचेच नाहीत. ‘अंग काय, खुराकानं होतंय,’ म्हणायचे. त्याला तांबड्या मातीत उतरवायचे, दुसऱ्या एखाद्या पोराकडून दोन-तीनदा पाडायचे, आणि पडल्यावर ते काय करतंय तेवढंच बघायचे. डोळे मिटतंय का, तोंड फिरवतंय का, की पडतापडताच हात शोधतंय.

कम्बाइनमध्ये मात्र आधी अंगच बघतात. उंची, वजन, हाताची लांबी, ४० यार्ड धाव, उभी उडी, आडवी उडी. क्वार्टरबॅकच्या पंजाचं मापही घेतात, पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. म्हणजे आपली वीत! जगातल्या सगळ्यांत श्रीमंत लीगमध्ये माणसाची वीत मोजतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आजी आठवली, ती गजऱ्याचा दोरा तसाच मोजायची. कारण आहे, ओल्या थंडीत चेंडू निसटतो. २०२० मध्ये जो बरोची वीत ९ इंच भरली तेव्हा चर्चा झाली. तरी सिनसिनाटीनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच मोसमात त्यानं त्या संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं.

टॉम ब्रेडीची गोष्ट इथं सगळ्यांना पाठ असते, म्हणून लांबवत नाही. २००० साली याच शहरात तो ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला, क्वार्टरबॅकच्या मानानंही फार सावकाश. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले, तो १९९ वा. पुढं सात सुपर बोल जिंकला.

या शहराच्या मनात घर करून बसलेली गोष्ट मात्र १९९८ ची आहे. पहिला क्रमांक आमच्या शहराच्या संघाकडं, कोल्ट्सकडं होता आणि क्वार्टरबॅक दोन होते, टेनेसीचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. आज विचित्र वाटेल, पण तेव्हा कुणाला घ्यावं यावर खरोखर दोन मतं होती. लीफ अंगानं मोठा, हाताचा जोर जास्त, आणि त्याला वाढायला अजून वाव आहे असं म्हणणारे पुष्कळ होते. कोल्ट्सनं मॅनिंगला घेतलं. लीफ दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगोला गेला आणि अवघे २५ सामने खेळून, १४ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार पोचवणं) आणि ३६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं झेललेले फेक) करून, संपला. मॅनिंगचा पुतळा आज ल्युकस ऑइल स्टेडियमबाहेर उभा आहे.

इथपर्यंत सगळे सांगतात. माझ्या शेजारी राहणारे, शाळेच्या संघाला तीसेक वर्षं शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ (आख्खी गल्ली त्यांना कोच म्हणते, मीही म्हणते) त्यांनी मला पुढचं सांगितलं. पहिल्या वर्षी मॅनिंगचे २८ फेक प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. नवख्या खेळाडूचा हा विक्रम. संघ १६ पैकी १३ सामने हरला. तरी सोळाच्या सोळा सामन्यांत तोच उतरला. त्याला कुणी बसवलं नाही. आणि तो आला होता तोच मुळी कॉलेजात ४५ सामने पहिल्यापासून, म्हणजे सुरुवातीच्याच अकरांत उतरून, खेळून. एवढा मुरलेला पोरगा पहिल्या वर्षी २८ वेळा चुकला, हा आकडा मी कागदावर लिहून ठेवला आहे.

माझं नोकरीतलं काम आकडेवारीचं. या खेळात पडल्यावर मी आधी कोष्टकं केली. जुने प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांचे ठोकताळे प्रसिद्ध आहेत: पोरगा शेवटच्या वर्षाचा हवा, पदवी घेतलेला हवा, कॉलेजात तीसेक सामने पहिल्यापासून खेळलेला हवा, शंभरातले साठाहून जास्त फेक जोडीदाराच्या हातात पोचलेले हवेत. मला हे फार आवडलं, कारण यात धीर आणि सराव मोजलेला आहे. मग मी २०१८ चा ड्राफ्ट मांडला. जॉश ॲलन, वायोमिंगचा, कॉलेजात फेक पोचले ५६ टक्के. ठोकताळ्याप्रमाणं बाद. बफेलोनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं, दोन वर्षं धीर धरला आणि २०२० मध्ये तो ६९ टक्क्यांवर गेला. २०२४ च्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच ड्राफ्टमध्ये दहावा असलेल्या जॉश रोझनला ॲरिझोनानं एका वर्षात दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. तिसरा, सॅम डार्नोल्ड, न्यूयॉर्कमध्ये अपयशी म्हणून हिणवला गेला आणि सहा वर्षांनी मिनेसोटासाठी एका मोसमात १४ सामने जिंकला. पोरगा तोच होता.

कोष्टकात एक मोठं दुखणं आहे. वर्षाला निवडले जातात दहा-बारा क्वार्टरबॅक. प्रत्येक जण वेगळ्या शहरात, वेगळ्या प्रशिक्षकाकडं, वेगळ्या सोबत्यांत पडतो. वर, वरच्या क्रमांकाच्या पोराला चुकायची संधी जास्त मिळते, खालच्याला एखादीच. औषधाची चाचणी अशी कुणी केली तर आम्ही तिला चाचणी म्हणणार नाही.

तेव्हा कोचनी माझी कोष्टकं बाजूला ठेवली आणि मला चित्रफीत बघायला शिकवलं. टीव्हीवर दिसते ती नव्हे, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागं धावतो. वरून, लांबून घेतलेली, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी. चेंडू हातात यायच्या आधी क्वार्टरबॅक कुणाकडं बघतोय? चेंडू झेलणारा पहिला जोडीदार अडकला तर पाय तिथंच गोठतात, की दुसऱ्याकडं वळतात? जोडीदार मागं वळायच्या आधी चेंडू हातातून सुटलाय का? ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. कॉलेजात जोडीदार मोकळा झालेला दिसला की फेकायचं, एवढ्यावर भागतं. एनएफएलमध्ये मोकळा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मोकळा होणार आहे, हे आधी दिसावं लागतं.

मैदानही वेगळं. डाव (म्हणजे चेंडूची एकेक चाल) जिथून सुरू होतो त्या दोन आखीव रेषांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळं कॉलेजात एका बाजूला ऐसपैस मोकळी जागा मिळते, वर आल्यावर ती नाहीशी होते. अनेक कॉलेजांत डाव बाहेरून मोठाल्या चित्रफलकांवर दाखवले जायचे, पोरानं बघायचं आणि खेळायचं. एनएफएलमध्ये त्याला हेल्मेटमधल्या स्पीकरवर डावाचं लांबलचक नाव ऐकू येतं, ते दहा जणांना खणखणीत सांगायचं, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाजही बंद. पुढचं सगळं एकट्याचं.

४ मार्च २०२३, शनिवार. त्या दिवशी मी आणि कोच स्टेडियममध्ये होतो, क्वार्टरबॅक मंडळींची पाळी होती. फ्लोरिडाचा अँथनी रिचर्डसन आला. सहा फूट चार इंच, ११० किलो, वय २०. उभी उडी साडेचाळीस इंच. ४० यार्ड ४.४३ सेकंदांत. कम्बाइनच्या नोंदीत कुठल्याही क्वार्टरबॅकनं तशी उडी घेतली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या देहाला एवढं हलकं होता येतं हे मी डोळ्यांनी बघत होते. कोच मात्र दुसऱ्या पोराकडं बघत होते. ओहायो स्टेटचा सी. जे. स्ट्राउड ओळीनं फेकत होता आणि प्रत्येक वेळी त्याचे पाय आधी जागेवर यायचे, मग चेंडू सुटायचा. ‘एकसारखं,’ एवढंच ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी मला ३१ डिसेंबर २०२२ चा जॉर्जियाविरुद्धचा सामना लावून दिला. देशातला सगळ्यांत कडवा बचाव समोर, ठरलेला डाव मोडलेला, आणि हा पोरगा पळतापळता मान वर ठेवून जोडीदार शोधतोय. ओहायो स्टेट ४२-४१ असं हरलं. पण मला तेव्हा पहिल्यांदा आबा आठवले.

ड्राफ्टच्या आधी संगणकावरच्या एका चाचणीतले स्ट्राउडचे कमी गुण बाहेर फुटले. एकवीस वर्षांच्या पोराच्या बुद्धीवर देशभर चर्चा झाली. मला त्याचा फार राग आला, अजूनही येतो. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची वंडरलिक ही जुनी परीक्षा कम्बाइनमधून २०२२ मध्येच काढून टाकली होती. तिची जागा नव्या परीक्षेनं घेतली, पोरांची लाज निघायची ती निघालीच.

ह्यूस्टननं दुसऱ्या क्रमांकावर स्ट्राउडला घेतलं. खरं तर पहिला क्रमांकच त्यांचा व्हायचा, पण जानेवारी २०२३ मध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी ते इथं आमच्याशी ३२-३१ असे जिंकले आणि क्रमांक हातचा गेला. एका गुणानं कुठला पोरगा कुठल्या शहरात गेला बघा. आम्ही चौथ्या क्रमांकावर रिचर्डसनला घेतलं. त्या रात्री आमच्या गल्लीत लोकांनी हॉर्न वाजवले. मीही आनंदानं ओरडले होते.

कॉलेजात तो पहिल्यापासून फक्त १३ सामने खेळला होता. मॅनिंगचे ४५, याचे १३. तरी पहिल्याच सामन्यापासून त्याला उतरवलं. ऑक्टोबरमध्ये खांदा गेला, शस्त्रक्रिया झाली आणि मोसम संपला. ६ जानेवारी २०२४ ला स्ट्राउड इथं आला. पहिल्याच डावात ७५ यार्डांचा फेक, थेट टचडाउन. आम्ही २३-१९ असे हरलो, प्लेऑफमध्ये ते गेले. स्टेडियममधून बाहेर पडताना लोक जे बोलत होते ते रिचर्डसनबद्दल होतं, आणि ते मला ऐकवत नव्हतं. पुढच्या मोसमात त्याचे फेक पोचले ४७.७ टक्के. एकदा दमून एका डावापुरता तो स्वतःहून बाहेर आला, त्यावरून नको नको ते बोललं गेलं, आणि त्याला बसवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची जागा डॅनियल जोन्सला दिली. जोन्स म्हणजे २०१९ चा सहावा क्रमांक, न्यूयॉर्कनं सोडून दिलेला.

आता कोल्ट्सनं चुकीचा पोरगा घेतला की बरोबर पोरगा चुकीच्या वेळी मैदानात लोटला, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. पण उडी बघून ज्यांनी त्याला देव केला त्यांत मी होते, आणि साडेचाळीस इंचांत तेरा सामने मावत नाहीत एवढं तरी त्या दिवशी मला दिसायला हवं होतं.

एका रविवारी आबांचा व्हिडिओ कॉल आला. आता ते तालमीत जात नाहीत, गुडघे धरलेत. मी मागं त्यांना ती उडी पाठवली होती, ते विसरले नव्हते. ‘त्या उडीवाल्याचं काय झालं गं?’ मी सगळं सांगितलं. ‘वय काय त्याचं?’ तेवीस, म्हटलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उडी कळली. पाडल्यावरचं काय हाय का तुझ्याकडं? ते धाड.’

मी त्यांना नोव्हेंबर २०२४ च्या न्यूयॉर्क जेट्सविरुद्धच्या सामन्याचा शेवट पाठवला. दोन सामने बसवून ठेवल्यावर त्याला परत उतरवलं होतं. एक मिनिटाहून कमी वेळ उरलेला, संघ मागं, आणि तो स्वतः चेंडू घेऊन चार यार्ड घुसतो. २८-२७, जिंकलो. त्याआधीचे काही फेक, आणि दोन-तीनदा तो जोरात आपटला ते डावही जोडले.

अर्ध्या तासानं आबांचा परत फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारलं, ‘ह्या पोराला तिथं शिकवतंय कोण?’