अ‍ॅनफिल्डच्या दाराशी जांभळी गाडी

मँचेस्टरला भाचीकडे दोन आठवडे राहायचं ठरलं तेव्हाच तिला सांगून ठेवलं होतं, की एक शनिवार माझा. लिव्हरपूलचा. ती म्हणाली, "मावशी, मॅचचं तिकीट मिळणार नाही हं. तिथली माणसं वर्षानुवर्षं यादीत ताटकळतात." म्हटलं, तिकीट नको. मला स्टेडियमचं दार बघायचंय, आणि दाराबाहेर जे चालतं ते.

लालबागला आमच्या घरी शनिवारी रात्री साडेआठला मुलगा टीव्हीसमोर लाल टी-शर्ट घालून बसतो. हिवाळ्यात इंग्लंडमध्ये तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. त्याच्यामुळे मला लिव्हरपूल हा फुटबॉल क्लब माहीत झाला आणि त्याच्याचकडून कळलं, की त्यांच्या अ‍ॅनफिल्ड स्टेडियमबाहेर मॅचच्या दिवशी प्रेक्षक गरिबांसाठी किराणा गोळा करतात. तेव्हापासून मनात होतं.

गाडीने तासाभरात लाइम स्ट्रीट स्टेशनला उतरले. मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वे १८३० साली सुरू झाली, तीच मुळी बंदरावरचा कापूस गिरण्यांपर्यंत नेता यावा म्हणून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईहून गासड्यांवर गासड्या याच बंदरात उतरल्या. आपल्याकडे त्या पैशावर अख्खी मुंबई फुगली. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. त्यामुळे त्या रुळांकडे मला परकेपणाने बघता आलं नाही.

स्टेशनपासून चालत आधी ब्रॉम टेरेसला गेले. तिथे एका जुन्या पांढऱ्या इमारतीत अब्दुल्ला क्विलियम मशीद आहे. क्विलियम हा इथलाच वकील. त्याने इस्लाम स्वीकारला आणि १८८९ साली या घरात प्रार्थना सुरू केली. इंग्लंडमधली ही पहिली मशीद. मला ती बघायची होती मोहम्मद सलाहमुळे. हा इजिप्तचा खेळाडू २०१७ साली लिव्हरपूलमध्ये आला. गोल केला की मैदानावरच सजदा करायचा, आणि स्टँडमधली गोरी पोरं त्याच्यावर गाणी रचून म्हणायची. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी नंतर हिशेब मांडला, की तो आल्यापासून मर्सीसाइड, म्हणजे लिव्हरपूल ज्यात येतं त्या भागातले द्वेषातून होणारे गुन्हे अपेक्षेपेक्षा १६ टक्क्यांनी कमी झाले. समाज एका खेळाडूने बदलत नाही, हे मलाही कळतं. पण ज्या माणसाच्या गोलावर आपण शेजाऱ्याला मिठी मारली, त्याच्या धर्माच्या बाईचा रस्त्यात हिजाब ओढायला हात जड होत असणार, यावर माझा विश्वास आहे.

तिथून बसने अ‍ॅनफिल्ड. बस जशी वर चढते तशी शहराची रया बदलते. लालसर विटांची, एकमेकींना चिकटलेली दोन मजली घरं, सरळ रस्त्यावर उघडणारी दारं. इंग्लंडमधल्या सगळ्यांत गरीब वस्त्यांमध्ये हा भाग मोडतो. आणि त्या घरांच्या छपरांवरून एकदम ते स्टेडियम वर येतं, ६१ हजार माणसं बसतील एवढं. प्रीमियर लीग ही इंग्लंडची अव्वल फुटबॉल स्पर्धा, तिच्या २० क्लबांपैकी लिव्हरपूल एक. या लीगचे नुसते ब्रिटनमधल्या प्रक्षेपणाचे हक्क २०२५पासूनच्या चार हंगामांसाठी ६.७ अब्ज पौंडांना गेले आहेत. एवढा पैसा आणि ती घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. स्टेडियम वाढवायचं म्हणून आजूबाजूची घरं विकत घेतली गेली आणि पत्रे ठोकून वर्षानुवर्षं ओसाड पडली, तेव्हा इथल्या लोकांनी काय सोसलं असेल ते गिरणगावातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या पडझडीतच स्टेडियमसमोरची पिढ्यान्‌पिढ्या चाललेली बेकरी बंद झाली होती. वस्तीतल्या लोकांनी ती सहकारी तत्त्वावर पुन्हा सुरू केली, 'होमबेक्ड' नावाने. मॅचच्या दिवशी दारातून रांग फुटपाथवर येते. मी भाज्यांचा 'पाय', म्हणजे सारण भरून भाजलेली खारी पेस्ट्री घेतली आणि काचेशी उभी राहिले. वरची पापडी दातांखाली कुरकुरली, आतलं सारण जीभ भाजेल असं गरम. शेजारी एक आजोबा गळ्यात तीन तीन मफलर घालून उभे होते. मी मुंबईहून आले म्हटल्यावर म्हणाले, "मग आज तुमचं घर मॅच बघेल, माझं नाही." खरंच आहे ते. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे. लोकांनी घरी न बसता आपापल्या गावातल्या लहान क्लबाच्या मैदानावर जावं, म्हणून १९६०च्या दशकापासूनचा हा नियम. लालबागला मुलगा मॅच बघणार होता आणि मैदानाच्या भिंतीला हात लावून उभी असलेली मी ती बघू शकणार नव्हते.

हिल्सबरोच्या स्मारकाशी मात्र पायच निघेना. १५ एप्रिल १९८९. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. बाहेर गर्दी साचली म्हणून पोलिसांनी फाटक उघडलं, माणसं आधीच भरलेल्या जाळीबंद कप्प्यांत लोटली गेली आणि चेंगरून मेली. एकूण ९७. शेवटचा माणूस त्या दिवसाच्या जखमांनी २०२१ साली गेला. सगळ्यांत लहान मुलगा १० वर्षांचा, पुढे लिव्हरपूलचा कप्तान झालेल्या स्टीव्हन जेरार्डचा नात्यातला भाऊ. दगडावर नावं कोरली आहेत, ज्योत तेवत असते. एक बाई वाकून एका नावावरून बोट फिरवत होती, हळूहळू, अक्षर चुकू नये असं. मग ती सरळ झाली, पर्समधून तिकीट काढलं आणि मॅचला आत गेली.

दुर्घटनेनंतर पोलिसांनी दोष प्रेक्षकांवरच ढकलला. चौथ्या दिवशी 'द सन' या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापलं, की लिव्हरपूलच्या लोकांनी प्रेतांचे खिसे कापले. धादांत खोटं. त्या दिवसापासून या शहराने तो पेपर घेणं सोडलं. पेपरवाल्यांनी ठेवणं बंद केलं, टॅक्सीवाल्यांनी गाडीत येऊ देणं बंद केलं, आणि हा बहिष्कार आजही चालू आहे. मेलेल्यांच्या घरच्यांनी २७ वर्षं दारं ठोठावली, तेव्हा कुठे २६ एप्रिल २०१६ला ज्युरीने निर्णय दिला, की हे मृत्यू बेकायदा होते आणि प्रेक्षकांची काहीही चूक नव्हती. मधल्या काळात कोर्टकचेऱ्या थकल्या, सरकारं आली आणि गेली, पण स्टँडमधून "जस्टिस"ची आरोळी थांबली नाही. २००९ साली विसाव्या स्मृतिदिनी मंत्री अँडी बर्नहॅम इथेच भाषणाला उभे राहिले, तेव्हा हजारोंनी त्यांना त्या एका शब्दाने मध्येच थांबवलं. त्यानंतरच दडपलेली कागदपत्रं उघडण्याची चक्रं फिरली.

त्या बहिष्काराची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. तो पेपर अनेक वर्षं युरोपीय संघाविरुद्ध प्रचार करत होता. फूस आणि बिशॉफ या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं, की पेपर घेणं बंद झाल्यावर मर्सीसाइडमध्ये युरोपविषयीची अढी कमी झाली. २०१६च्या ब्रेक्झिट मतदानात इंग्लंडचा कौल बाहेर पडण्याकडे गेला, पण लिव्हरपूलच्या ५८ टक्के मतदारांनी युरोपात राहायचं म्हटलं. मेलेल्या माणसांच्या अब्रूसाठी एका शहराने पेपर नाकारला आणि त्याची सावली सत्तावीस वर्षांनी मतपेटीवर पडली. मी स्मारकाशी उभं राहून हेच घोकत होते.

लीगचे मालक आणि सरकारं फुटबॉलचं राजकारण वेगळं करतात. सौदी अरेबियाच्या सरकारी निधीने २०२१ साली न्यूकॅसल क्लब घेतला. युक्रेन युद्धानंतर रशियन मालकाचा चेल्सी क्लब २.५ अब्ज पौंडांना विकला गेला, पैसे युद्धपीडितांना द्यायचे ठरले आणि ते वर्षानुवर्षं खात्यात गोठून पडले. सगळं वरच्या वर. मला ज्याची आस होती ते राजकारण खालून येतं. १९९७च्या मार्चमध्ये लिव्हरपूलच्या रॉबी फाउलरने गोल केला आणि जर्सी वर केली. आत टी-शर्ट होता, लिव्हरपूल बंदरातल्या कामावरून काढलेल्या ५०० गोदी कामगारांच्या पाठिंब्याचा. युरोपच्या फुटबॉल संघटनेने त्याला २,००० स्विस फ्रँकचा दंड केला. ते कामगार सप्टेंबर १९९५पासून रस्त्यावर होते, कारण दुसऱ्या कामगारांनी धरलेली नाकेबंदी ओलांडायला त्यांनी नकार दिला होता. जानेवारी १९९८मध्ये ते हरून थांबले. पण जगभरच्या टीव्हीवर त्यांचं नाव आलं, ते त्या एका टी-शर्टामुळे.

दुपारी दोनच्या सुमारास मी ज्यासाठी आले होते ती जांभळी गाडी दिसली. 'फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स'. लिव्हरपूलचा रंग लाल, एव्हर्टनचा निळा. दोन्ही मिसळून जांभळा. हे दोन क्लब एकमेकांचे हाडवैरी. मूळचं अ‍ॅनफिल्ड एव्हर्टनचंच. १८९२ साली भाड्यावरून मालकाशी बिनसलं, एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन मैदानावर गेला आणि रिकाम्या मैदानावर मालकाने लिव्हरपूल क्लब काढला. एव्हर्टन आता गोदीकाठच्या नव्या स्टेडियममध्ये गेला आहे, तरी वैर तेच. पण हिल्सबरोनंतर याच लोकांनी अ‍ॅनफिल्डपासून गुडिसनपर्यंत लाल-निळे मफलर एकमेकांना बांधून मैलभर माळ केली होती. आणि २०१५ साली दोन्हीकडचे चाहते एकत्र आले आणि मॅचच्या दिवशी किराणा गोळा करू लागले. त्यांचं वाक्य असं, की भूक कुठल्याही क्लबची जर्सी घालत नाही.

गाडीशी एक बाई होत्या, साठीच्या. डोक्यावर निळी टोपी, म्हणजे एव्हर्टनच्या. लिव्हरपूलच्या मॅचला, लिव्हरपूलच्या दारात. लोक रांगेने येत, पिशवी पुढे करत आणि न थांबता आत जात. कोणी फोटो काढत नव्हतं. टोमॅटोचे डबे, पास्ता, लहान मुलांचे डायपर. एका सात-आठ वर्षांच्या मुलाने बिस्किटांचा पुडा ठेवला आणि बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, आता चल, उशीर होतोय. आमच्या मंडळाची वर्गणी आठवली, पावतीशिवायची.

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून डाळीचे, मटारांचे डबे आणले होते. बाईंनी ते घेतले, आणि एक वेगळं खोकं दाखवलं. म्हणाल्या, "हे बघा, हे किटलीवाल्यांचं." म्हणजे काय, विचारलं. त्यांनी सांगितलं, की बऱ्याच घरी मीटरमध्ये घालायला पैसे नसतात, ओव्हन लावता येत नाही. एका खोलीत राहणाऱ्यांकडे तर शेगडीच नसते. त्यांना पास्ता देऊन काय उपयोग? म्हणून नुसत्या उकळत्या पाण्यात होईल असंच या खोक्यात. सूपच्या पुड्या, झटपट बटाटा, दलिया.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. अडीच लाख कामगार, त्यातले एक माझे बाबा. मंडळाची पोरं महिन्यातून एकदा धान्याची पिशवी दारात ठेवून जायची. तांदूळ असायचे, पण पावसाळ्यात रॉकेल संपलं की ते शिजवायचे कशावर? तेव्हा आई गावाहून आलेले पोहे पाण्यात भिजवायची, मीठ-मिरची लावायची आणि पुढ्यात ठेवायची. त्या बाईंना मी हे सगळं सांगितलं. इंग्रजी अडखळत होतं, पण त्या कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे गोदीच्या संपात तेच."

तीन वाजले. आतून गाणं उठलं आणि छपरावरून खाली ओतल्यासारखं आमच्या अंगावर आलं. रस्ता रिकामा झाला. आम्ही डबे लावत बसलो, मुदतीच्या तारखा बघून, जवळची पुढे, लांबची मागे. मध्येच अशी गर्जना झाली, की गाडीचा पत्रा थरथरला. निळ्या टोपीखालून बाई म्हणाल्या, "गोल." अर्ध्या मिनिटाने माझा फोन वाजला. लालबागहून मुलाचा मेसेज, "आई गोल!!!" मी त्याला लिहिलं, मला आधी कळलं.

भाचीने सकाळी निघताना प्रवासात असू देत म्हणून पिशवीत पातळ पोह्यांचा पुडा टाकला होता, तिच्याकडच्या भारतीय दुकानातला, सीलबंद. तो काढून बाईंच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, वरचं इंग्रजी वाचलं आणि विचारलं, "याला किती वेळ उकळायचं?" म्हटलं, उकळायचंच नाही. गरम पाण्याचा हबका मारायचा, मीठ घालायचं. दोन मिनिटं झाकायचं. त्यांनी खिशातून जाड पेन काढलं, चिकटपट्टीचा तुकडा तोडला, मी सांगेन तसं त्यावर लिहिलं, पुड्यावर नीट दाबून चिकटवलं आणि तो किटलीवाल्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवला.