आमच्या बोक्याचा कोरोना

बोक्याला जुलाब लागलेले, आठवडा झाला तरी थांबायचं नाव नाही, म्हणून व्हेटकडे नेलं तर रिपोर्ट बघून डॉक्टर एकदम सहज म्हणाले, कोरोना आहे. आईने बास्केट तिथल्या तिथे खाली ठेवली आणि चार पावलं मागे सरकली. डॉक्टर हसायला लागले, "काकू, हा मांजरांचा आहे, तुम्हाला नाही होत. उलट तुम्हाला कोविड झाला तर तो याला होऊ शकतो."

हे उलट प्रकरण माझ्या डोक्यातून जाईना. आपण नेहमी वटवाघळांकडे बोट दाखवतो, जणू सगळा माल तिकडून इकडेच येतो. मग आठवडाभर रात्री जागून वाचत बसलो (बोका मांडीवर, जुलाब थांबलेले) आणि लक्षात आलं की हा रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे, आणि आपण त्यातलं फक्त एक जनावर आहोत.

कोरोनाव्हायरसच्या अंगावर जे काटे असतात, स्पाईक प्रोटीन, ते आपल्या पेशीवरच्या ठरावीक प्रोटीनला जाऊन चिकटतात. आता ते प्रोटीन काय व्हायरससाठी बसवलेलं नसतं, त्याला स्वतःची कामं असतात. कोविडचा व्हायरस एसीई-२ ला चिकटतो, त्याचं मूळ काम ब्लड प्रेशरशी संबंधित. मर्स या श्वासाच्या आजाराचा व्हायरस चिकटतो डीपीपी-४ ला, डायबेटिसच्या ग्लिप्टिन गोळ्या ज्याच्यावर काम करतात तेच. ही प्रोटीनं माणसात, मांजरात, उंटात सगळ्यांत असतात, फक्त थोड्या थोड्या फरकाने, आणि सगळा खेळ त्या थोड्या फरकाचा आहे. साध्या उंदराला सुरुवातीचा कोविड व्हायरस लागतच नव्हता, मग स्पाईकमधलं ५०१ नंबरचं एक अमिनो ॲसिड (प्रोटीनच्या माळेतला एक मणी) बदललं, आणि तो बदल असलेला अल्फा व्हेरिएंट लॅबमधल्या उंदरांना लागायला लागला. एक अमिनो ॲसिड!

पण नुसतं चिकटता येऊन भागत नाही, भेट पण व्हायला लागते ना. २००३ मध्ये चीनमधल्या शेनझेनच्या बाजारातल्या उदमांजरांमध्ये सार्ससारखा (तेव्हा माणसांत पसरलेला, कोविडच्या आधीचा कोरोनाव्हायरस) व्हायरस सापडला आणि मग चीनमध्ये उदमांजरं मारायचा सपाटा लावला. २००५ मध्ये कळलं की या व्हायरसचे जवळचे नातेवाईक घोड्याच्या नालेसारखं नाक असलेल्या वटवाघळांमध्ये आहेत, उदमांजर बिचारं मधलं स्टेशन. पण ती पिंजऱ्यावर पिंजरा रचून, माणसांच्या हाताशी ठेवली कोणी होती? (कोविड कुठून आला हा वेगळा भांडणाचा विषय आहे, तो आज नको.)

उंटांचं तर अजून भारी. मर्स २०१२ मध्ये सौदीत एका पेशंटमध्ये सापडला, सगळ्यांना वाटलं नवीन आहे. मग कोणीतरी फ्रीजरमध्ये पडून असलेले आफ्रिकेतल्या उंटांच्या रक्ताचे जुने नमुने काढून तपासले, तर १९८३ च्या नमुन्यांतसुद्धा अँटिबॉडी! म्हणजे निदान तीस वर्षं तो उंटांमध्ये फिरत होता, त्यांना फार तर नाक गळायचं, आणि माणसात आला की नोंद झालेल्या पेशंटपैकी तिघांतला एक दगावतो.

आता उलटी बाजू. एप्रिल २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या मिंक (फरसाठी पाळतात तो मुंगसाएवढा प्राणी) फार्मवर कामगारांकडून मिंकना कोविड झाला, हजारो जनावरं जाळीच्या पिंजऱ्यांत शेजारी शेजारी, व्हायरसची चंगळच, आणि तिथे थोडा बदलून तो परत माणसांत आला. डेन्मार्कने तर नोव्हेंबरमध्ये देशातले सगळे मिंक मारायचे ठरवले, दीड कोटीच्या वर, आणि घाईघाईत इतके वरवर पुरले की मढी फुगून मातीतून वर यायला लागली. अमेरिकेत आयोवामध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नमुने तपासले तर जवळपास तिसरा हिस्सा पॉझिटिव्ह, आणि त्यातली बरीच जंगलातली.

अजून एक भानगड म्हणजे भेसळ. एकाच पेशीत दोन वेगवेगळे कोरोनाव्हायरस शिरले की कॉपी काढणारं यंत्र मधेच एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं, परीक्षेत अर्धं उत्तर डावीकडच्याचं आणि अर्धं उजवीकडच्याचं उतरवणारा मुलगा असतो ना, तसं. तयार होतो तो तिसराच. आणि कधी नुसतं गमावूनही भागतं. १९८४ मध्ये बेल्जियममध्ये डुकरांच्या पोटाच्या व्हायरसचा एक भाऊ सापडला, त्याच्या स्पाईकचा मोठा तुकडा गायब, आणि त्या कमी झालेल्या स्पाईकनिशी तो आतड्याऐवजी फुफ्फुसात राहायला लागलेला. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं, का ते सांगता येणार नाही.

मांजरांकडे येतो. लागण झालेल्या बहुतेक मांजरांच्या आतड्यात हा कोरोना निवांत असतो, जुलाब होतात, बरे होतात, आमच्या बोक्यासारखे. काही थोड्यांच्यात तो अंगातच बदलतो आणि एफआयपी नावाचा जीवघेणा आजार होतो, पण तो बदललेला सहसा एका मांजराकडून दुसऱ्याकडे जात नाही. २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मात्र जायला लागला, धडाधड मांजरं मरायला लागली, आणि तपासलं तर मांजराच्या व्हायरसला कुत्र्याच्या व्हायरसचा स्पाईक लागलेला. तिथल्या सरकारने मग माणसांच्या कोविडसाठी साठवून ठेवलेल्या गोळ्या मांजरांना द्यायला परवानगी दिली.

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं केलं. बास्केट अजून बाल्कनीतच आहे, पण बोका तिच्या पांघरुणात झोपतो.