बंबाचा धूर आणि बांबेर्गची बिअर

पहिला घोट घेतला आणि मला आजोळचं न्हाणीघर आठवलं. कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्यात अर्धवट ओल्या ढलप्या आणि न्हाणीभर कोंडलेला धूर. हातात मात्र गडद तांबूस बिअरचा ग्लास होता आणि मी बसले होते जर्मनीतल्या बांबेर्गमध्ये, श्लेंकरला नावाच्या ब्रुअरीच्या जुन्या खानावळीत. नवरा पीत नाही. त्याने नुसता वास घेतला आणि ग्लास परत माझ्याकडे सरकवला. "अगं, यात कुणीतरी सुका बोंबील बुडवलाय."

न्यूर्नबर्गला दिराकडे गेलो होतो. तिथून बांबेर्ग रेल्वेने तासाभराच्या आत. "सकाळी जा, संध्याकाळी या, छोटंसं गाव आहे," असं दीर म्हणाला होता. आम्ही दोन रात्री राहिलो आणि त्याही कमी पडल्या.

स्टेशनजवळच वायरमान या माल्ट कारखान्याची लाल-पिवळ्या विटांची इमारत दिसते. कारखाना 1879 पासूनचा. पण मी मान वळवली ती वासामुळे. उन्हाळ्यात आजी सातू भाजायची, अगदी तोच वास. त्यात नवल काही नाही, कारण बिअरचं धान्य म्हणजे सातूच. आपण मटकीला आणतो तसे त्याला मोड आणायचे आणि मग ते मोड आलेलं धान्य वाळवायचं, की झालं माल्ट. बांबेर्गची सगळी गंमत या वाळवण्यात आहे.

पूर्वी मोड आलेलं धान्य सर्रास लाकडाच्या जाळावर वाळवत, म्हणजे त्या काळची पुष्कळशी बिअर थोडीफार धुरकट असणारच. पुढे धूर धान्याला न लागता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला असावा. इथल्या दोन घरांनी मात्र आपली भट्टी बदललीच नाही: श्लेंकरला आणि श्पेत्सिआल. दोघंही आजसुद्धा स्वतःचं माल्ट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुरावर स्वतःच वाळवतात. पुण्यात 2009 मध्ये डूलाली हा स्वतःची बिअर बनवणारा पब सुरू झाला, तेव्हापासून आमच्या मित्रमंडळींत 'क्राफ्ट' बिअर म्हणजे काहीतरी नवीन करणं, आंबा घालणं, कॉफी घालणं, असा समज आहे. श्पेत्सिआलचा इतिहास 1536 पासूनचा आहे. आपण काही 'क्राफ्ट' करतो आहोत हे तिथे कुणाच्या गावीही नसावं.

आता त्या पहिल्या घोटाकडे. खरं सांगायचं तर आवडला नाही. आमच्याच टेबलावर एक आजोबा बसले होते. इथे मोकळी खुर्ची दिसली की विचारून अनोळखी माणसांच्या टेबलावर बसायची पद्धत आहे, आपल्या मिसळीच्या हॉटेलात चालतं तसंच. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि तीन बोटं वर केली. मला वाटलं, तीन युरो. नंतर कळलं की तिसऱ्या ग्लासाशिवाय ही बिअर समजत नाही, असं इथे सगळेच पाहुण्यांना सांगतात. ब्रुअरीच्याही फायद्याचंच म्हणा! पण दुसऱ्या ग्लासाच्या मध्यावर धूर मागे सरला आणि माल्टचा गोडवा जाणवायला लागला, हे कबूल करायला हवं. श्लेंकरलाची ही नेहमीची बिअर, मेर्झन, 5.1 टक्के अल्कोहोलची आहे आणि लाकडी पिंपातून थेट ग्लासात येते. त्यांची एक फिकी बिअरही आहे. तिच्यात धुरावरचं माल्ट अजिबात नसतं, तरी धुराचा पुसटसा वास येतो, कारण यीस्ट आणि हंडे तेच. आदल्या दिवशी बोंबील तळलेल्या कढईत पोहे करावेत, तसं.

भाषेची एक गंमत लक्षात आली. या फ्रांकोनिया भागात लाडाने कशालाही 'ला' जोडतात. अर्धा लिटरचा ग्लास म्हणजे साइडला. डुकराच्या खांद्याचा, वरची साल कुरकुरीत भाजलेला तुकडा म्हणजे शॉयफरला. सकाळचा लोणीदार चंद्रकोरी पाव म्हणजे ह्योर्नला. श्लेंकरला हे नावसुद्धा हात झुलवत चालणाऱ्या एका जुन्या मालकावरून पडलं म्हणतात. तान्हुला, छकुला, सोनुला म्हणणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

जेवायला मी भरलेला कांदा मागवला, 'बांबेर्गर त्स्वीबेल'. घरी आपण लहान कांदे दाण्याचं कूट आणि गोडा मसाला भरून करतो. इथे मुठीएवढा एकच कांदा, आत डुकराचा खिमा, वर बेकनची पट्टी, बाजूला बटाट्याचा लगदा आणि खाली त्याच धुरकट बिअरचा रस्सा. कांदा इतका मऊ शिजलेला की चमच्याने कापला जावा. मसाला म्हणाल तर नावालाच. पण ग्लासात थोडा जास्त वाटणारा धूर रश्शात नेमका बसतो. मी पावाने ताटली पुसून घेतली.

माझं माहेर लासलगावकडचं, त्यामुळे कांद्याचा विषय मी सहजासहजी सोडत नाही. बांबेर्ग हे माळ्यांचं गाव, आजही शहराच्या मधोमध भाजीचे मळे आहेत. इथल्या माणसांना जुनं टोपणनावच 'कांदे तुडवणारे' असं आहे. पायांना फळ्या बांधून माळी वाफ्यांतून चालत आणि पात आडवी करत, म्हणजे जोर पातीत न जाता कांद्यात उतरावा. आमच्याकडे माना पडेनात तर वाफ्यावरून रिकामं पिंप फिरवतात, ते याचसाठी.

शहर पाहिलं का? पाहिलं. जुना गाव 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. जुनं टाउन हॉल रेग्निट्झ नदीच्या ऐन मध्यात उभं आहे. बिशपने जागा नाकारली म्हणून नगरवासीयांनी पात्रातच खांब रोवून बेट केलं, अशी कथा सांगतात. त्याच्या भिंतीवरच्या चित्रात एक बाळसेदार देवदूत आहे आणि त्याचा एक पाय खरोखरच भिंतीबाहेर आलेला आहे. तो शोधण्यात आमची दहा मिनिटं गेली. टेकडीवर कॅथेड्रल आहे. पहिलं 1012 मध्ये पवित्र केलं गेलं, आजचं तेराव्या शतकातलं. तिथे पोप क्लेमेंट दुसरा पुरला आहे. आल्प्सच्या उत्तरेला पोपची ही एकच कबर. नवरा तिथे तासभर रमला, मी बाहेर बाकावर बसून गुडघे दाबत होते. हे गाव सात टेकड्यांचं आहे आणि ते पायांना कळतं.

दुसऱ्या दिवशी एका खानावळीत फजिती झाली. खिडकीजवळचं मोठं रिकामं टेबल पाहून आम्ही ऐसपैस बसलो. वाढणाऱ्या बाईंनी टेबलावरच्या छोट्या पाटीवर बोट ठेवलं आणि आम्हाला मुकाट्याने कोपऱ्यात हलवलं. ते श्टामटिश, म्हणजे रोजच्या मंडळींचं राखीव टेबल. पारावर म्हाताऱ्यांची जागा ठरलेली असते, तसं. त्यानंतर बिल द्यायची वेळ आली तर कार्ड चालेना. रोख जवळ ठेवा, बाकी काही सांगत नाही.

दुपारी वुंडरबुर्ग भागात गेलो. तिथे मार्स आणि केस्मान या दोन ब्रुअऱ्या रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. मार्समध्ये नुसतं "आ ऊ" म्हणायचं, की बूच न ठोकता मुरवलेली, कमी गॅसची बिअर येते. केस्मानची पिल्स ही फिकी बिअर स्वच्छ आणि कडवट. धुराच्या दोन दिवसांनंतर ती ताकासारखी वाटली.

संध्याकाळी श्पेत्सिआलच्या केलरवर. केलर म्हणजे तळघर, पण इथले लोक तळघरात जात नाहीत, तळघरा'वर' जातात. बिअर थंड राहावी म्हणून टेकडीच्या पोटात दगडी तळघरं खोदली, जमीन आणखी गार राहावी म्हणून वर झाडं लावली आणि मग त्या सावलीत बाकडी आली. समोर कॅथेड्रलचे चार मनोरे. श्पेत्सिआलचा धूर श्लेंकरलापेक्षा पुष्कळ सौम्य, बंबापाशी नाही तर अंगणात बसल्यासारखा. नवशिक्यांनी इथून सुरुवात करावी असं माझं मत, पण मला हे उशिरा कळलं. सोबत पाव आणि गेरुप्फ्टर, म्हणजे लोणी, पाप्रिका आणि कांदा घालून मळलेलं चीज. मी पर्समधली लसणाची चटणी काढून त्यावर भुरभुरली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चिमूटभर मागून घेतली आणि मग बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

तिथूनच मामाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. मनोरे दाखवले, ग्लास हळूच खाली ठेवला आणि पायाला फळ्या बांधून कांदे तुडवणाऱ्यांची गोष्ट सांगितली. मामाने नीट ऐकून घेतलं.

"आपलं पिंप बरं," तो म्हणाला. "आणि त्या ग्लासात काय आहे गं?"