एप्रिलचा दाखला, जूनचा प्रवेश

दहावीचा निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात त्या नेमक्या पेरणीच्या तोंडावर. घरात बियाण्या-खताचे पैसे जुळवणं चालू असतं, बाप सोसायटीच्या रांगेत उभा असतो, आणि त्याच आठवड्यात पोराला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर (म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) असं सगळं एकदम लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाळेत दहावीच्या मुलांचे प्रवेश हे काम माझ्याकडे असतं. करिअर मार्गदर्शन म्हटलं की सतरंजी, पाहुणा आणि प्रोजेक्टर हे चित्र डोळ्यापुढे येतं. त्याला माझी हरकत नाही. पण भाषण ऐकून हुरूप आलेला मुलगा पुढे अडतो तो दाखल्याच्या मुदतीवर, ओटीपीवर आणि एसटीच्या वेळेवर. म्हणून आम्ही सुरुवात नववीतच करतो आणि तीही कागदापासून.

सगळ्यात आधी नाव. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधलं (मूल शाळेत आलं-गेलं याची नोंद असते त्यातलं) नाव, आधारवरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. 'गजानन' कुठे 'गजाननराव' झालेला असतो, वडिलांचं नाव कुठे आडनावाच्या जागी गेलेलं असतं, जन्मतारखेत महिना बदललेला असतो. मूल शाळेत शिकत असेतोवर रजिस्टरमधली दुरुस्ती रीतसर प्रस्ताव पाठवून करून घेता येते. मूल शाळा सोडून गेलं की तेच काम कैक पटींनी अवघड होतं, आणि बोर्डाच्या प्रमाणपत्रावर चुकीचं नाव छापलं गेलं तर विचारूच नका. म्हणून दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्याआधी ही दुरुस्ती उरकायची. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे आधी रजिस्टर पक्कं करायचं आणि मगच आधारला हात लावायचा. उलट केलं की एकुलती एक संधी वाया जाते.

आधारचंच दुसरं काम. वयाच्या १५व्या वर्षी बोटांचे ठसे आणि बुबुळं नव्याने द्यावी लागतात. १५ ते १७ या वयात हे फुकट होतं. नववी-दहावीतली मुलं नेमकी याच वयाची. ते राहून गेलं की पुढे अर्ज भरताना अंगठा जुळत नाही आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तिथेच मोबाइल नंबरही तपासायचा. बापाचं सिम रिचार्जअभावी बंद पडलेलं असतं किंवा काकाचा नंबर दिलेला असतो. अर्ज भरताना तर सायबर कॅफेवाला सरळ स्वतःचा नंबर टाकून मोकळा होतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. मग जागा मिळाल्याचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि आमच्या पोराला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. आम्ही प्रत्येक मुलाच्या फाइलच्या आतल्या बाजूला नंबर, लॉगिन आणि पासवर्ड पेनाने लिहून ठेवतो.

दाखल्यांचा क्रम महत्त्वाचा. जातीचा दाखला आणि अधिवास यांना दरवर्षीची मुदत नसते, म्हणून ते नववीच्या दिवाळीपर्यंत काढून ठेवायचे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांची मुदत मात्र ३१ मार्चला संपते. हुशार पालक गर्दी टाळायला फेब्रुवारीतच सेतू केंद्रावर जातो, दाखला काढून आणतो, आणि जूनमध्ये तो कागद रद्दी ठरतो. दहावीचा शेवटचा पेपर झाला की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तलाठ्याकडे जायचं. तेव्हा शेतीची कामं थोडी सैल असतात आणि प्रवेशाची गर्दी सुरू झालेली नसते. नॉन-क्रिमीलेयर ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना लागतं; एससी-एसटीला लागत नाही. तरी दरवर्षी एखादा एससीचा पालक त्यासाठी खेटे घालताना दिसतोच. ते काढताना तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा जोडला तर तीन वर्षांसाठी मिळू शकतं, एकाच वर्षाचा जोडला तर पुढच्या वर्षी परत तीच रांग.

जात पडताळणीबद्दल, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे हे समितीकडून तपासून वैधता घेण्याबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. दहावीला ती लागत नाही असं समजून लोक गप्प बसतात, आणि बारावीनंतर व्यावसायिक पदवीच्या प्रवेशाला ती लागते तेव्हा धावपळ सुरू होते. अर्ज विज्ञान शाखेत असताना महाविद्यालयाच्या पत्रासह करायचा असतो. पण पुरावे शोधायला दहावीची सुट्टी हाच खरा वेळ. मूळ प्रश्न मानीव दिनांकाचा. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी-एसबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा वडिलांच्या बाजूने हवा. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतून दाखल-खारीजचा उतारा मिळतो. शाळेचं तोंडच पाहिलं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागायची. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. जुन्या नोंदी काही ठिकाणी मोडी लिपीत आहेत, त्यांचं लिप्यंतर करून घ्यावं लागतं. नक्कल मागताना गाव, साल आणि खातेदाराचं किंवा बापाचं नाव नेमकं सांगता आलं पाहिजे, नाहीतर कर्मचारी तरी किती पानं चाळणार? म्हणून आम्ही मुलांना उन्हाळ्यात घरच्या म्हाताऱ्यांकडून वंशावळ लिहून आणायला सांगतो. चार पिढ्या, प्रत्येकाचं गाव आणि घरात बोलावतात ते नावसुद्धा, कारण कोतवाल बुकात 'लक्ष्मण'चा 'लखमा' झालेला असतो. ही वंशावळ पुढे नमुना ३च्या प्रतिज्ञापत्रात जशीच्या तशी कामी येते. काका, चुलत भाऊ किंवा आत्या यांपैकी कुणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत पहिल्यांदा मागा. अर्धं काम तिथेच होतं. मामाची चालत नाही. हे सांगूनही लोक मामाची प्रत घेऊन येतात.

कागदांचं काम चालू असताना शाळेत दुसरं काम चालतं, ते म्हणजे मुलांना काम दाखवणं. १९३७ साली वर्ध्याला झालेल्या परिषदेतून नई तालीम उभी राहिली, त्या सेवाग्रामापासून आम्ही काही फार लांब नाही. पण आमचं काम साधं आहे. दहा किलोमीटरच्या आत कोणकोणते धंदे चालतात याची यादी करायची. आमच्याकडे निघतात: जिनिंग, दालमिल, वीज उपकेंद्र, ट्रॅक्टरचं गॅरेज, प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रयोगशाळा, बँक मित्र, मोटर रिवाइंडिंग. आठ-आठ मुलांच्या तुकड्या, तीन तास, त्याहून जास्त नाही. जिनिंग बघायची तर दिवाळीनंतरच, एरवी मशीन बंद असतं. मुलांनी प्रेसजवळ जायचं नाही, मुलींनी ओढणी आणि वेण्या बांधून जायचं. विचारायचे प्रश्न आधी ठरलेले: हे काम शिकायला किती दिवस लागले, पहिला पगार किती होता, आता किती, इजा कशाने होते, कामाला माणूस मिळत नाही असं कोणतं काम आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उपयोगी पडतं. मालकाला विचारू नका, फिटरला विचारा.

मग रस्ते. पालक शाळेत येतात ते ठरलेलं वाक्य घेऊन, "सर, याले आयटीआय लावून द्या ना जी, लवकर कामाले लागन." चूक काहीच नाही. पण कोणता ट्रेड हे त्यांना माहीत नसतं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन हे दोन वर्षांचे. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड) हे एका वर्षाचे. एका वर्षाचा घेतला तर पैसा लवकर सुरू होतो, पण दारं कमी होतात. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर तंत्रनिकेतनाच्या, म्हणजे डिप्लोमाच्या, थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग असतो, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. फळ्यावर हिशेब मांडून दाखवतो: अकरावी-बारावी विज्ञान करून इंजिनिअर व्हायला दहावीनंतर ६ वर्षं, डिप्लोमामार्गे ३ अधिक ३ म्हणजे ६, आयटीआयमार्गे २ अधिक २ अधिक ३ म्हणजे ७. एकच वर्ष जास्त, आणि मध्ये कुठेही थांबलं तरी हातात काम. यात फसगत एका ठिकाणी होते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट गेलेल्या मुलाचं पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि तो तिथे गटांगळ्या खातो. म्हणून आयटीआयला गेलेल्या मुलालाही गणिताचं पुस्तक सोडू देऊ नका.

डिप्लोमाला दहावीत ३५ टक्के चालतात, हे ऐकून बरेच पालक चकित होतात. चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनात इतक्यावर जागा मिळत नाही ही गोष्ट वेगळी. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या ५ टक्के जादा जागा असतात, त्यात शिकवणी शुल्क माफ होतं. पण त्या जागेचा विकल्प कोड वेगळा असतो आणि तो अर्जात वेगळा टाकावा लागतो. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात मोठी सवलत आहे, मात्र प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती नाही. हे पालकांना जूनमध्ये नाही, एप्रिलमध्ये सांगायचं.

अकरावी आता २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन आहे. त्याआधी खेड्यातल्या कॉलेजात जाऊन नाव लिहून आलं की झालं. आता पसंतीक्रम १ ते १० भरायचे. अकरावी असो की आयटीआय, नियम सारखाच: पहिली पसंती मिळाली की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. इथे दोन प्रकारे घोळ होतो. एक, 'मिळणार नाही' म्हणून खरी इच्छा तिसऱ्या-चौथ्या नंबरावर आणि जवळचं, सोपं कॉलेज पहिल्या नंबरावर टाकलं जातं. ते लगेच मिळतं आणि मुलगा तिथेच अडकतो. दोन, कॅफेवाला घाईत दोनच विकल्प टाकून अर्ज बंद करतो. आयटीआयला तर शंभरापर्यंत विकल्प देता येतात. आमची रीत अशी की विकल्प आधी कागदावर लिहायचे, प्रत्येकापुढे पहिल्या एसटीची वेळ आणि परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ लिहायची, मग आईवडिलांची सही घ्यायची आणि मगच संगणकासमोर बसायचं. एसटीची वेळ लिहिली की निम्मे विकल्प आपोआप खाली सरकतात. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण गाडीची वेळच सोयीची नसेल तर पासाचा काय उपयोग?

अकरावी विज्ञान घेणाऱ्यांना मी एकच गोष्ट वारंवार सांगतो: बारावीच्या प्रात्यक्षिकांच्या धामधुमीतच सीईटीचे, म्हणजे व्यावसायिक प्रवेशाच्या परीक्षेचे, अर्ज निघतात. पीसीएम (गणिताचा गट) की पीसीबी (जीवशास्त्राचा गट) हे तेव्हा ठरवायचं नसतं, आधीच ठरलेलं असावं लागतं. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी असते. ती हुकली की वर्ष गेलं. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं, आणि वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतात. निकालाच्या दिवशी हे त्या मुलाच्या घरी जाऊन सांगायचं असतं, फोनवर नाही.

शिष्यवृत्तीचं घोडं बँकेत अडतं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. पासबुकावर आधार नंबर लिहिलेला आहे म्हणजे जोडणी झाली असं नव्हे. डीबीटीसाठीचं (थेट खात्यात पैसे येण्यासाठीचं) सीडिंग, म्हणजे आधार-जोडणी, वेगळं असतं आणि एका वेळी एकाच खात्याला. शून्य शिलकीची दोन-तीन खाती काढलेली असली की पैसे भलत्याच खात्यात जातात. आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती पाहून त्याचा कागद फाइलला लावतो. खातं सहा-आठ महिने वापरलं नसेल तर शंभर रुपये भरून-काढून ते जागं करून ठेवतो.

प्रवेशाच्या दिवशी टीसीची मूळ प्रत संस्था ठेवून घेते. म्हणून आधी सगळ्या कागदांच्या दहा-दहा प्रती काढायच्या आणि मूळ प्रत दिल्याची पोच घ्यायची. पुढच्या फेरीत चांगली जागा लागली आणि मूळ प्रत अडकलेली असली की त्या दोन दिवसांत एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाणं मुश्किल होतं.

आयटीआय झालेल्यांचा शेवटचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा. कायदा १९६१चा आहे आणि ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. म्हणजे नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या गेटवर बायोडेटा घेऊन उभं राहण्याआधी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्या. करार ऑनलाइन झाला का, त्याचा क्रमांक मिळाला का, हे पहिल्याच महिन्यात बघा. करार नसताना वर्षभर काम केलेला मुलगा शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसू शकत नाही, आणि मालक म्हणतो, 'तू तर रोजंदारीवर होतास.' विद्यावेतन बँकेत येतंय की हातात, हेही त्याच महिन्यात विचारायचं. आम्ही पोळ्याच्या आसपास गेल्या वर्षीच्या प्रत्येक मुलाला एकदा फोन करतो. प्रश्न तीनच: एसटी मिळते का, खात्यात पैसे आले का, करार झाला का.